हायवेवर डोकं भणभणवणारा एक्झॉस्टचा घुमारा: नवा सायलेन्सर घेण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन सीटची, सहा सिलिंडरची स्पोर्ट्स कार तुम्ही सेकंडहँड घेतलीत. आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवलेला आहे. पहिले आठ दिवस मजा वाटली. आता हायवेला तासाभरात कानात दडे बसतात, डोकं भणभणतं, घरचं माणूस गाडीत बसायला तयार नाही आणि सकाळी गाडी चालू केली की शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतात. एका गॅरेजने अख्खी सिस्टिम बदलायला सांगितलं, दुसऱ्याने केबिनला आतून मॅट चिकटवायला. यातलं कुणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात दोघांचंही ऐकू नका. एक्झॉस्टच्या कामात मला बावीस वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले मी पाहिले ते अशाच घाईत. ‘आवाज फार आहे’ या एका वाक्यात तुम्ही खरं तर दोन-तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. हायवेला डोकं उठवणारा आवाज, सकाळी चालू करताना होणारा दणका आणि एकूणच गाडीचा मोठेपणा या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही. माझा अनुभव असा की माणसाला थकवतो तो बहुतेक वेळा सगळा आवाज नसतो. एकच खालचा सूर एका ठरावीक आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) घुमत असतो. तो सूर काढला की गाडीचा बाकीचा आवाज तुम्हाला पुन्हा आवडायला लागेल, आणि तो तसाच ठेवून बाकी आवाज कमी केलात तर घुमारा उलट जास्तच उठून दिसेल.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. मधला रेझोनेटर (ठरावीक सूर मारणारा छोटा डबा) काढलाय की फक्त मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर बदललाय, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) जागेवर आहे की नाही, पाइप शेवटपर्यंत दोन वेगळे जातात की मध्ये जोडलेत, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या भागातला आवाजाचा नियम काय आणि तुम्हाला स्वतःला किती आवाज हवासा वाटतो, हेही आलंच. म्हणून मी कशा क्रमाने शोधतो ते सांगतो. त्याच क्रमाने गेलात तर तुमच्या गाडीचं उत्तर तुम्हालाच सापडेल.

आधी बिघाड नाही ना, ते बघा. एक्झॉस्टमध्ये गळती असेल तर कितीही भारी सायलेन्सर लावा, उपयोग नाही. गाडी थंड असताना चालू करा आणि बॉनेटजवळ कान द्या. टक-टक-टक असा आवाज येतोय आणि गाडी तापल्यावर तो नाहीसा होतोय, तर मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पहिल्या पाइपांचं) गॅस्केट किंवा मॅनिफोल्डलाच गेलेली बारीक चीर असण्याची शक्यता मोठी. तापल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते. खालून बघताना प्रत्येक जोडाभोवती काळ्या काजळीचा पट्टा आहे का ते बघा, काजळी खोटं बोलत नाही. फ्लेक्स पाइपची, म्हणजे मधल्या लवचिक तुकड्याची जाळी फुटलीय का, तेही बघा. मोकळ्या जागेत, इंजिन थंड असतानाच, एकाने जाड चामडी हातमोजा घालून शेपटीचा पाइप क्षणभर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने गाडीच्या बाजूने ऐकत जायचं. जिथे फुसफुसतं तिथे गळती. एवढ्या तपासणीला दहा मिनिटं पुरतात. मी हे आधी सांगतोय त्याला आवाजाहून मोठं कारण आहे. गळती केबिनच्या खाली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्ही डोकं दुखतं म्हणालात, म्हणून आवाजाचा विचार करण्याआधी ही शंका पूर्ण फेडून घ्या. गाडीत एक्झॉस्टच्या धुराचा वास येत असेल, मळमळत असेल, खिडकी उघडल्यावर बरं वाटत असेल, तर गळती सापडेपर्यंत गाडी चालवू नका.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्टची वाट उघड-बंद करून आवाज कमी-जास्त करणारी पाकळी. तुमच्या गाडीला कंपनीने व्हॉल्व्हवाला सायलेन्सर दिलेला असेल किंवा बाजारातल्या सायलेन्सरमध्येही व्हॉल्व्ह असेल, तर तो बंद होतोय का ते बघा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये व्हॅक्यूम मिळाला की पाकळी बंद होते आणि व्हॅक्यूम नसला की स्प्रिंग ती उघडी ठेवते. म्हणजे बोटाएवढ्या रबरी नळीला भेग गेली की गाडी कायम मोठ्या आवाजात. काजळी आणि गंज धरून पाकळीचा दांडा अडकतो, हेही नेहमीचंच. आणि कुणी ‘आवाज वाढवायला’ म्हणून ती नळी मुद्दाम काढून ठेवलेली असते, नवीन मालकाला पत्ता नसतो. खाली वाकून बघा, एखादी नळी मोकळी लोंबत असेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. ती म्हणजे पाइप कुठे तरी बॉडीला टेकणं. माझ्याकडे अशीच एक दोन सीटची गाडी आली होती. मालकाने दोन सायलेन्सर बदललेले, आतून मॅट लावून झालेले, तरी घुमारा होताच. गाडी लिफ्टवर घेतली. पाइप आणि हीट शील्ड (पाइपाची उष्णता अडवणारा पत्रा) यांच्यात करंगळी जाईल एवढी जागा दिसत होती, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण शील्डवर एका जागी नखाएवढा ठिपका घासून चकचकीत झाला होता, बाकी सगळा पत्रा मळकट राखाडी. तो ठिपका म्हणजे उत्तर होतं. स्टेनलेसचा दोन मीटर पाइप ३०० अंशांनी तापला की साधारण एक सेंटिमीटरने लांबतो. गाडी थंड असताना मोकळा दिसणारा पाइप हायवेवर तापला की शील्डला टेकत होता आणि इंजिनची सगळी थरथर सरळ गाडीच्या तळाच्या पत्र्यात जात होती. पत्रा मग स्पीकरच्या पडद्यासारखा वाजतो. पाइप टांगून धरणारा हँगर अर्धा इंच सरकवला, रबरं नवीन घातली आणि अर्धा घुमारा तिथेच गेला. तुमच्या गाडीतही असा चकचकीत ठिपका शोधा. हँगरची रबरं दगडासारखी झाली असतील किंवा कुणी त्यांच्या जागी कडक पॉलीयुरेथेनची घातली असतील, तर मऊ रबरं परत घाला. इंजिन ज्यांवर टेकवलेलं असतं ते माउंट दबून गेले असतील तरी असंच होतं.

हे तिन्ही ठीक असेल, तर आता घुमाऱ्याकडे येऊ.

तो खरंच एक्झॉस्टचा आहे याची खात्री करायला रिकाम्या, सरळ रस्त्यावर गाडी घुमते त्या आरपीएमला न्या, मग एक गियर खाली घालून तोच आरपीएम धरा. वेग बदलला तरी त्याच आरपीएमला घुमतंय, तर इंजिन-एक्झॉस्ट. वेगाबरोबर आवाज बदलतोय, तर टायर किंवा बेअरिंग, आणि मग एक्झॉस्टवर एक पैसाही घालू नका. ॲक्सिलरेटर हलका दाबून ठेवल्यावर घुमतं आणि पाय काढल्याबरोबर जातं, तर तो पाइपातून येणारा आवाज. पाय काढला तरी थरथर तशीच, तर पुन्हा माउंट आणि हँगर तपासा. आणि एक छोटी गोष्ट: काही गाड्या इंजिनाचा आवाज स्पीकरमधूनही आत देतात. २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये तशी सोय होती, पुढे ती बऱ्याच गाड्यांत आली. तुमच्या गाडीत असेल तर ती बंद करून बघा, फुकटचं काम आहे.

आता हा सूर येतो कुठून, ते सांगतो, कारण हे कळलं की कुठलाही दुकानदार तुम्हाला चुकीचा माल गळ्यात मारू शकणार नाही. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. सहा सिलिंडर म्हणजे एका फेरीत तीन धक्के. २१०० आरपीएमला इंजिन सेकंदाला ३५ फेऱ्या मारतं, म्हणजे पाइपात सेकंदाला १०५ धक्के जातात, म्हणजेच १०५ हर्ट्झचा सूर. त्याच आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन ७० हर्ट्झ देईल, आठाचं १४०. हा झाला सूर. तो घुमतो मात्र केबिनमुळे. बंद केबिन ही हवेची पेटी असते. समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर जर १.७ मीटरच्या आसपास असेल, तर त्या पेटीचा स्वतःचा सूर जवळपास १०० हर्ट्झ पडतो. इंजिनाने तोच सूर दिला की पेटी त्याला साथ देते, आणि तुम्ही तबल्याच्या आत बसल्यासारखे होता.

यात दोन सीटच्या गाडीचं दुर्दैव असं की या सुराचा दाब दोन्ही काचांपाशी सगळ्यात जास्त असतो आणि मध्यभागी सगळ्यात कमी. मोठ्या गाडीत ड्रायव्हरचं डोकं मध्याच्या आसपास येतं. दोन सीटच्या गाडीत ते मागच्या काचेला टेकल्यासारखंच असतं, म्हणजे जिथे सूर सगळ्यात जोरात तिथेच तुमचा कान. हे स्वतः करून बघा. शेजारच्या सीटवर बसा, दुसऱ्या कुणाला घुमणाऱ्या आरपीएमवर गाडी धरायला सांगा, आणि पट्टा लावलेला ठेवून जमेल तेवढं डोकं पुढे न्या, मग हळूहळू मागे आणा. पुढे वाकल्यावर आवाज पातळ झाला आणि मागे टेकल्यावर पुन्हा दाटून आला, तर निदान झालं. खिडकी दोन बोटं उघडल्यावर घुमारा एकदम बदलत असेल, किंवा छत उघडणारी गाडी असून छत उघडल्यावर तो गायब होत असेल, तर तेच.

त्याच फेरीत फोनवर सुरांचा आलेख दाखवणारं एखादं ॲप चालू ठेवा. फोनचा माइक खालच्या सुरांचे डेसिबल नीट सांगत नाही, पण सूर कोणता ते बरोबर दाखवतो. आलेखात एक सुळका एकटाच वर गेलेला दिसेल. त्याचा आकडा आणि त्या वेळचा आरपीएम लिहून ठेवा. पुढचं सगळं काम या दोन आकड्यांवर आहे.

डेसिबलच्या ॲपवर ‘फक्त ७६’ दिसलं म्हणून हा त्रास मनाचा आहे, असं समजू नका. कुणी तसं म्हणालं तर त्याला हे सांगा. बहुतेक मीटर ए-वेटिंग वापरतात, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर मीटरही कमी धरतो. त्यात १०० हर्ट्झच्या सुराचे सुमारे १९ डेसिबल वजा होतात. म्हणजे प्रत्यक्षात ९५ डेसिबलचा सूर केबिनमध्ये आदळत असताना पडद्यावर ७६ दिसतात. बहिरेपणाच्या धोक्यासाठी ए-वेटिंगचाच आकडा बघतात. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस ८ तासांना ८५ डेसिबल अशी आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २. तुमचा आकडा त्याच्या खाली असला तर कानाच्या दृष्टीने बरं, पण थकवा, दडे, डोकं जड होणं हे तरीही खरंच असतं. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल, तर मात्र आजच कमी करा. आणि इअरप्लग घालून हायवेला गाडी चालवणं हा उपाय नव्हे. मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा तुम्हाला ऐकू यायला हवा.

उपायांत पहिला सगळ्यात साधा आहे, आणि बाजारात तो कुणी सुचवत नाही कारण त्यात विकायला काही नसतं: कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवणं. कंपनीने तुमच्याच केबिनच्या सुरासाठी त्या डब्यातले कप्पे बनवलेले असतात. आधीच्या मालकाला फोन करून विचारा, बऱ्याच जणांनी तो माळ्यावर ठेवलेला असतो. नाही मिळाला तर आवाज वाढवण्यासाठी ज्यांनी आपला काढून ठेवलाय, असे लोक तो स्वस्तात देऊन टाकतात. घेण्याआधी हलवून बघा, आत खुळखुळत नाही ना. तळाचं पाणी जाण्याचं बारीक भोक मोकळं आहे का, तेही बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते आतच साचतं आणि डबा आतून सडतो. मूळ सायलेन्सर नुसता चार दिवसांसाठी लावून बघितलात तरी कळेल की दोष मागच्या डब्याचा आहे की आणखी कुठला.

तो लावूनही घुमतंय, तर मधला रेझोनेटर गेलेला असण्याची शक्यता धरा. बऱ्याच गाड्यांत आवाजासाठी पहिला बळी त्याचाच जातो, त्याच्या जागी सरळ पाइप टाकतात. तो परत बसवा. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर तोही परत हवाच, आणि तो आवाजासाठी नंतर, हवेसाठी आधी.

पण समजा तुम्हाला सध्याच्या सायलेन्सरचा वरच्या आरपीएमचा आवाज आवडतो आणि फक्त हायवेचा घुमारा नकोय. बहुतेक लोकांना आतून हेच हवं असतं, आणि ते होतं. आधी एवढं समजून घ्या की सायलेन्सर ढोबळमानाने दोन जातीचे. एकात सरळ भोकांचा पाइप आणि भोवती काचेची किंवा बेसॉल्टची लोकर. तो वरचे, कर्कश सूर छान गिळतो, पण १०० हर्ट्झसमोर जवळजवळ हतबल असतो. दुसऱ्यात कप्पे आणि भिंती, जे लाट परत फिरवून तिच्याच विरुद्ध वापरतात. तो खालचे सूर मारतो. बाजारातले स्पोर्ट्स सायलेन्सर बहुतेक पहिल्या जातीचे. म्हणून एक लोकरवाला काढून दुसरा, महागातला लोकरवाला लावला की माणूस चकित होतो: कर्कशपणा गेला, घुमारा तसाच. जुन्या सायलेन्सरमधली लोकर जळून उडून गेली असेल तर ती नव्याने भरून घेणं जरूर करा, आवाजाचा फाटकेपणा जाईल. पण घुमाऱ्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका.

घुमाऱ्यावर माझा आवडता उपाय म्हणजे एका टोकाला बंद केलेली शाखा. मुख्य पाइपाला एक पाइप जोडायचा, त्याचं दुसरं टोक पक्कं बंद. इंग्रजी जे अक्षरासारखा वाकवतात म्हणून याला जे-पाइप म्हणतात. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते. पाइपाची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव असेल, तर परत येणारी लाट बरोबर उलटी येऊन मिळते आणि तो सूर कापला जातो. वायूचा मुख्य रस्ता यात अडत नाही, त्यामुळे गाडीची ताकद जाण्याची भीती नाही. वरचा आवाजही जवळजवळ तसाच राहतो.

हिशोब असा: आवाजाचा वेग भागिले सुराच्या चौपट. इथेच बहुतेकांची चूक होते, सुरुवातीला माझीही झाली होती. थंड हवेतला आवाजाचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, धरला तर १०५ हर्ट्झसाठी पाइप ८२ सेंटिमीटर येतो. पण आतला वायू तापलेला असतो. बंद शाखेतला वायू मुख्य पाइपापेक्षा थंड असतो, म्हणून मी साधारण २०० अंश सेल्सिअस धरतो. त्या तापमानाला वेग ४३६ मीटर होतो आणि लांबी येते १ मीटर ४ सेंटिमीटर. चुकीच्या हिशोबाने मी ८२ चा पाइप लावलेली एक गाडी १३३ हर्ट्झला, म्हणजे २६५० आरपीएमच्या आसपास शांत झाली, आणि २१०० ला पूर्वीसारखीच घुमत राहिली. ग्राहकाने मला काही बोलून दाखवलं नाही, पण तो पाइप मी स्वखर्चाने पुन्हा केला आणि तेव्हापासून शाखेचं शेवटचं टोक सरकतं ठेवूनच चाचणी घेतो.

तुमच्या वेल्डरलाही हेच सांगा. हिशोबापेक्षा दहा सेंटिमीटर लांब पाइप घ्यायचा, आत सरकणारी टोपी क्लॅम्पने धरायची, गाडी पंधरा-वीस मिनिटं हायवेला तापवायची, मग आलेख बघायचा. १ मीटरच्या पाइपात पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण ५ हर्ट्झ, म्हणजे सहा सिलिंडरला १०० आरपीएम. सुळका बसला की टोपी वेल्ड करायची. शाखेचा व्यास मुख्य पाइपाच्या जवळपास ठेवा. बारीक पाइप लावला तर सूर कापला जातो पण फारच अरुंद पट्ट्यात, ५० आरपीएम इकडेतिकडे झालं की पुन्हा घुमायला लागतं. पाइप वाकवला तरी चालतो, लांबी मधल्या रेषेने मोजायची. शेपटीच्या अगदी तोंडाशी शाखा जोडू नका, तिथे या सुराचा दाबच नसतो, त्यामुळे ती काम करत नाही. तोंडापासून मीटरभर आत जागा मिळाली तर उत्तम. दोन्ही बाजूंचे पाइप शेवटपर्यंत वेगळे असतील तर दोन्हींना एकेक शाखा लागेल. आणि तिचा उतार मुख्य पाइपाकडे ठेवा, नाहीतर बंद टोकात पाणी साचून वर्ष-दोन वर्षांत तळ सडेल.

मीटरभर पाइपाला गाडीखाली जागाच नसेल, तर हेल्महोल्ट्झ डबा करता येतो, म्हणजे अरुंद मानेचा बंद डबा. फुंकर मारल्यावर बाटली एकाच सुरात वाजते, तेच तत्त्व. कमी जागेत बसतो, पण मानेची लांबी, रुंदी आणि डब्याचं आकारमान तिन्ही जुळावं लागतं. ज्याने आधी केलाय अशाच माणसाकडून करून घ्या.

मॅटबद्दल. ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल मॅट पत्र्याची थरथर थांबवते, आणि त्यासाठी ती चांगलीच आहे. मागच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारा. टणटण वाजला तर पाव भाग मॅटने झाकूनही फरक कळेल. पण हवेतून येणारा १०० हर्ट्झचा सूर मॅट अडवू शकत नाही, त्याला प्रचंड वजन लागतं, आणि हलक्या गाडीवर तेवढं वजन चढवणं म्हणजे गाडीच मारून टाकणं. शेपटीत खुपसायची डीबी किलर नळी मी शक्यतो कुणाला सुचवत नाही. ती वरचा कर्कशपणा कमी करते, वायूची वाट अडवते आणि घुमारा तसाच ठेवते. ट्रॅकवर एका दिवसाची आवाजाची मर्यादा पाळायची असेल, तेवढ्यापुरती ठीक.

आता शेजाऱ्यांचं. थंड इंजिन चालू झाल्यावर पहिल्या मिनिटाला कॉम्प्युटर मुद्दाम आरपीएम वाढवतो आणि ठिणगी उशिरा देतो, म्हणजे तापलेला वायू जाऊन कॅटलिटिक कन्व्हर्टर लवकर २५०-३०० अंशांवर येतो आणि काम सुरू करतो. तोपर्यंतचा दणका हा बिघाड नाही आणि तो ट्यून करून काढायलाही जाऊ नका, धूर वाढेल. त्यापेक्षा गाडी अशी लावा की शेपूट भिंतीकडे किंवा कोपऱ्याकडे नको, मोकळ्या बाजूला असू दे. भिंती खालचा सूर परत फेकतात, आणि शेजाऱ्याच्या खिडकीला ऐकू येतं ते बऱ्याचदा हेच. जागेवर उभं राहून गाडी गरम करत बसायची गरज नाही. चालू केली की वीस-तीस सेकंदांत निघा आणि वस्तीबाहेर पडेपर्यंत आरपीएम खाली ठेवा. व्हॉल्व्ह असेल तर तो सकाळी बंदच राहील असं करा. आणि ज्यांच्या खिडकीखालून गाडी निघते त्यांच्याशी एकदा जाऊन बोला, काम चालू आहे, थोडे दिवस द्या म्हणून. यात कमीपणा नाही. पहाटे झोपमोड झालेल्या माणसाची तक्रार खरीच असते.

नियमाचं तुमच्या ठिकाणचं तुम्ही बघालच. पण मोजण्याची पद्धत माहीत असू द्या. उभ्या गाडीच्या तपासणीत माइक शेपटीच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांत धरतात आणि ठरावीक आरपीएमला मोजतात. बऱ्याच गाड्यांसाठी तो ३७५० आहे. म्हणजे तुमचा २१०० चा घुमारा त्या तपासणीत दिसणारच नाही, आणि तपासणीत पास झालेली गाडीही तुमचं डोकं उठवू शकते. उलट घुमारा काढला म्हणून गाडी नियमात बसली, असंही होत नाही. बाजारातल्या सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का कोरलेला आहे का ते बघा. नसेल तर माझा सल्ला सरळ आहे, मूळ सायलेन्सरकडे परत जा.

तुमच्या जागी मी असतो तर या शनिवारी गळती, व्हॉल्व्ह आणि तो चकचकीत ठिपका बघितला असता. रविवारी दुसऱ्या कुणाच्या हातात स्टिअरिंग देऊन सूर मोजला असता, आणि मूळ सायलेन्सरचा शोध सुरू केला असता. तो मिळेपर्यंत हायवेला एक गियर खाली किंवा पाच-सात किलोमीटर वेग इकडेतिकडे करून घुमणारा आरपीएम टाळत राहिलो असतो. पेट्रोल थोडं जास्त जाईल, पण घरचं माणूस शेजारी बसेल.

मोजलेला सूर, आरपीएम आणि गाडी खालून काढलेले दोन-चार फोटो इथे टाका. शाखा कुठे जोडता येईल आणि किती लांबीची, ते मी आकडे बघून सांगेन. आणि काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गियरमध्ये, इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा मोजा. थंड गाडीवर घेतलेलं माप धरू नका.